मुलाखतीतला प्रश्न कुठून येतो?

गुणात्मक संशोधनातली, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या अनुभवांवर आधारलेल्या संशोधनातली मुलाखत म्हणजे रेकॉर्डर सुरू करायचा आणि समोरच्याला बोलू द्यायचे, असा समज बराच रूढ आहे. पूर्वग्रह नकोत म्हणून सिद्धांतही घरीच ठेवून यावा, असे काही जण सुचवतात. प्रत्यक्षात उत्तरातला कोणता धागा पुढे ओढायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे ठरवताना संशोधकाच्या मनात कोणता ना कोणता सिद्धांत काम करतच असतो, मग त्याला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो.

शिकागोत वाढलेले आणि तिथल्या क्लबांत जॅझ पियानो वाजवणारे समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी गांजा ओढणाऱ्या 50 जणांच्या, बहुतेक स्वतःच घेतलेल्या, मुलाखतींवर आधारलेला लेख 1953 मध्ये प्रसिद्ध केला. गांजा ओढणाऱ्याच्या स्वभावातच काही खोट असते, हे त्या काळचे प्रचलित स्पष्टीकरण. ते मानले असते, तर मुलाखतीचा रोख स्वभाव आणि मनातले ताण यांकडेच वळला असता. बेकर यांची धारणा नेमकी उलटी होती: कृती करता करताच तिची इच्छा घडत जाते. साहजिकच त्यांनी प्रत्येकाकडून पहिल्या झुरक्यापासूनचा प्रवास काढून घेतला.

त्यातून जे हाती आले ते विलक्षण होते. पहिल्या खेपेस बहुतेकांना नशा चढतच नाही. धूर छातीत धरून ठेवणे शिकावे लागते. मग एकाएकी लागलेली कडकडून भूक हे नशेचेच लक्षण आहे, हे सोबतच्या जाणत्यांनी सांगावे लागते. आणि गरगरणे, घशाला कोरड पडणे यांत मजा असते, हेही शिकावेच लागते. ‘तुम्ही गांजा का ओढता?’ या प्रश्नाला असे उत्तर मिळाले नसते. ‘उशीर का झाला?’ असे विचारल्यावर आपण जशी सबब शोधतो, तसेच ‘का’ ऐकून मुलाखत देणारा समर्थनाला लागतो, हा बेकर यांचा पुढच्या काळातला आवडता मुद्दा. ‘कसे’ विचारले की तो हकीकत सांगतो.

अर्थात, सिद्धांत हा साचा झाला की मुलाखत वाया जाते. अफूच्या व्यसनावर संशोधन करणाऱ्या अल्फ्रेड लिंडस्मिथ यांची पद्धत बेकर यांनी इथे वापरली: एक जरी मुलाखत गृहीतकात बसली नाही, तरी गृहीतक बदलायचे. मजा वाटत नसतानाही केवळ चारचौघांत भाव मिळावा म्हणून गांजा ओढणारेही बेकर यांना आढळले. तेव्हा त्यांना ओढूनताणून चौकटीत न बसवता, आपले स्पष्टीकरण सुखासाठी ओढणाऱ्यांपुरतेच आहे, असे बेकर यांनी लेखात नोंदवून ठेवले.