उपग्रहाधारित आपत्ती व्यवस्थापन (नाशिक जिल्हा)

पूर, दुष्काळ, गारपीट, दरड कोसळणे अशा नैसर्गिक आपत्तींची चाहूल घेण्यासाठी, त्यांचा पसारा पाहण्यासाठी आणि नंतर नुकसान मोजण्यासाठी होणारा कृत्रिम उपग्रहांचा वापर. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा धो धो पाऊस आणि येवला-नांदगावचे टँकर एकाच वर्षात नांदतात. त्यामुळे उपग्रहाला काय जमते आणि काय जमत नाही, हे इथे चांगले कळते.

या कामी तीन प्रकारचे उपग्रह येतात. इन्सॅट-३डीआर (२०१६) व इन्सॅट-३डीएस (२०२४) हे भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी उंचीवरून सतत एकाच भागावर नजर ठेवतात. बातम्यांत दिसणारी ढगांची चित्रे त्यांचीच. रिसोर्ससॅट, कार्टोसॅट हे खालून फिरणारे उपग्रह जमीन बारकाईने टिपतात, पण ऐन श्रावणात सह्याद्रीवर त्यांना ढगांखेरीज काही दिसत नाही. ही अडचण रडार उपग्रह दूर करतात. रिसॅट-१ (२०१२; आता बंद), ईओएस-०४ (२०२२) किंवा युरोपचा सेंटिनेल-१ स्वतःच लहरी सोडतो. त्या ढगांतून आणि अंधारातून आरपार जातात. संथ पाण्यावर पडलेल्या लहरी दुसरीकडेच परावर्तित होतात, म्हणून पुराखालची जमीन चित्रात काळी उमटते. जुलै २०२५ मध्ये सोडलेला निसार हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह याच जातीचा. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून जातो.

हे १२ दिवस नाशिकच्या पुराला परवडणारे नाहीत. गंगापूर धरण (१९६५) शहरापासून हाकेच्या अंतरावर. तिथून विसर्ग वाढवला की काही तासांत गोदावरीवरच्या रामकुंडाचे पाणी चढते. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरात जुन्या नाशकाने हे अनुभवले; त्यानंतर गोदाकाठी पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेचा विषय ऐरणीवर आला. असा पूर दुपारी चढून दुसऱ्या दिवशी ओसरूही शकतो. उपग्रह नेमका त्या वेळी वरून गेला तरी सराफ बाजाराच्या चिंचोळ्या गल्ल्यांतले पाणी रडारला नीट दिसत नाही, कारण भिंतींवर आपटून लहरी परत फिरतात आणि चित्र उलट उजळते. त्यामुळे नाशिककर आजही दुतोंड्या मारुतीकडेच, म्हणजे गोदापात्रातल्या मारुतीच्या उंच मूर्तीकडेच पाहतो. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला लागले, ही मोजपट्टी गोदाघाटावर सर्वांना पाठ आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या तासांपुरती ती कोणत्याही उपग्रहापेक्षा सरस आहे.

खाली निफाड तालुक्यात मात्र चित्र पालटते. दारणेचे पाणी गोदावरीला मिळून चांदोरी-सायखेड्याच्या शिवारात पसरते आणि तिथे रेंगाळते. अशा सपाट, उघड्या रानात रडारचे चित्र उपयोगी पडते. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशा चित्रांवरून पूरनकाशे तयार करते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरातही ते झाले. उसाचे पीक उंच असले तर त्याच्या बुडाशी साचलेले पाणी सेंटिनेलच्या आखूड लहरींना सहसा गवसत नाही. निसारच्या लांब लहरींकडून तिथे अधिक अपेक्षा आहे.

उपग्रहाचे आणखी एक काम फारसे चर्चेत नसते, ते निरोप्याचे. दुर्गम जागी बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदी इन्सॅटमार्फत पाठवता येतात. मोबाइलचा मनोरा कोलमडला तरी आकडा पोचतो.

गारपिटीपुढे सगळेच हात टेकतात. ढगाचा माथा झपाट्याने थंड होत असल्याचे इन्सॅटला दिसते, त्यावरून दोन-तीन तासांचा इशारा देता येतो. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी अवकाळी पावसाने आणि गारांनी जिल्ह्यातल्या द्राक्षबागा झोडपल्या. तडकलेला मणी वरून दिसत नाही; बागेची पाने हिरवीच असतात. म्हणून तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या पंचनाम्याला पर्याय नाही.

उपग्रहाचा शब्द सर्वांत जड पडतो तो दुष्काळात. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार आधी पावसाची तूट व खंड पाहतात. ही पहिली कळ (ट्रिगर), म्हणजे पुढची तपासणी सुरू करणारी कसोटी. मग पेरणी, जमिनीतील ओल, पाणीसाठा यांच्या जोडीने उपग्रहाने मोजलेला वनस्पतींचा हिरवेपणा तपासतात, ती दुसरी. पुढे काही निवडक गावांत जाऊन पडताळणी होते. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने २०१८ मध्ये यासाठी ‘महामदत’ प्रणाली उभी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते.

इथेच तक्रारींना तोंड फुटते. हिरवेपणाचा निर्देशांक पीक आणि तण यांत भेद करत नाही. वेड्या बाभळीचे बनही हिरवे आणि विकतच्या टँकरवर जगवलेली बागही हिरवी. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज चित्रात उमटत नाही. उलट सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी केलेली धडधाकट बाग उघडीबोडकी दिसते. द्राक्षपट्ट्यातला निर्देशांक वाचताना छाटणीची तारीख हाताशी असावी लागते, ती नसेल तर आकडा फसवतो.

खुद्द नाशकातल्या दिंडोरी रोडवरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) धरणांतला गाळ उपग्रहचित्रांवरून मोजते. भरलेल्या जलाशयापासून तळ गाठेपर्यंतच्या वेगवेगळ्या पातळ्यांची चित्रे घ्यायची, प्रत्येक पातळीला पाणी किती पसरले ते मोजायचे आणि त्यावरून उरलेली साठवणक्षमता काढायची, अशी ही रीत आहे. गंगापूर धरणाची मूळ क्षमता ७.२ टीएमसी (अब्ज घनफूट) होती. गाळामुळे ती आता साडेपाच टीएमसीच्या आसपास धरतात. जागा घटल्याने धरण लवकर भरते, आणि रामकुंडाकडचा विसर्गही तितकाच लवकर सुरू करावा लागतो.