गडद राखाडी रंगाची रंगसंगती

गडद राखाडी म्हणजे काळा आणि मध्यम राखाडी यांच्यामधला पट्टा. शाळेची दगडी पाटी, विझलेला कोळसा, पावसात भिजलेला बेसाल्ट, स्वयंपाकघरातला कडप्पा, दोन-तीन वर्षं वापरात असलेला डांबरी रस्ता हे सगळं या पट्ट्यात बसतं. छपाई, संकेतस्थळं, कापड, घरसजावट किंवा वास्तू, काम कोणतंही असो, या रंगाला जोड शोधताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: जोडीचा रंग त्याहून किती उजळ आहे, राखाडीत झाक कशाची आहे, आणि जोडीचा रंग किती जागा व्यापणार आहे. बहुतेक लोक ‘याच्यावर कोणता रंग जाईल?’ असं विचारून सुरुवात करतात. तो प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा.

नावं

राखाडी हे नाव राखेवरून आलं, पण राख स्वतः बरीच फिकी असते. सुरम्यावरून आलेला सुरमई हा शब्द निळसर गडद छटेला अधिक नेमका बसतो; आज मात्र तो ऐकला की आधी मासा आठवतो. करडा आणि भुरा हे शब्द बोलण्यात सैलपणे वापरले जातात. कापडाच्या दुकानात यांतलं काहीच चालत नाही, तिथे चारकोल, स्टील ग्रे आणि नुसता ग्रे. युरोपात दारं-खिडक्यांच्या चौकटींसाठी राल या जर्मन रंगपद्धतीतला ७०१६ क्रमांकाचा अँथ्रासाइट ग्रे फार चालतो. ही निळसर झाकेची गडद राखाडी आहे.

संगणकावर तर नावाने चांगलाच घोळ घातला आहे. वेबपानांच्या सीएसएस भाषेत रंगाचा प्रत्येक घटक ० ते २५५ असा मोजतात; आकडा जितका मोठा तितका तो उजळ. तिथे ‘ग्रे’ म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही घटक १२८, आणि ‘डार्कग्रे’ म्हणजे तिन्ही १६९. म्हणजे नावाने गडद असलेला रंग साध्या राखाडीपेक्षा उजळ! संगणकाच्या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स-११ या जुन्या प्रणालीत ग्रे १९० होता, तेव्हा १६९ला गडद म्हणणं बरोबर होतं. पुढे त्या यादीतली नावं वेबने घेतली, पण ग्रे १२८चा आधीच ठरला होता. त्यामुळे नावावर न विसंबता आकडे द्यावेत. या नोंदीत पुढे नमुना म्हणून तिन्ही घटक ५१ असलेला राखाडी घेतला आहे.

आधी उजळपणा

दोन रंगांच्या उजळपणातलं अंतर कॉन्ट्रास्ट गुणोत्तराने मोजतात. ते १ पासून २१ पर्यंत असतं. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरा म्हणजे २१. वेबवरच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ हवं. आपल्या नमुन्याच्या राखाडीवर पांढरा सुमारे १२.६ देतो, शुद्ध पिवळा ११.८, शुद्ध हिरवा ९.२. शुद्ध तांबडा मात्र ३.२वर येतो, तर शुद्ध निळा १.५वर. मरून तर १.१५, म्हणजे जवळजवळ दिसेनासाच.

या फरकाचं कारण डोळ्यात आहे. पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडाचा जो प्रखरपणा आपल्याला जाणवतो, त्यात हिरव्या घटकाचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. पिवळ्यात तांबडा आणि हिरवा दोन्ही भरपूर, म्हणून तो राखाडीवर उसळून येतो. निळा कितीही गर्द आणि सुंदर असला तरी बुडतो.

ज्यांनी दगडी पाटीवर पेन्सिलीने मुळाक्षरं गिरवली त्यांना हे शिकवायची गरज नाही. पेन्सिलीच्या भुकटीने माखलेल्या पाटीवर अक्षर थोडं पुसट दिसतं. तीच पाटी ओल्या फडक्याने पुसून वाळली की काळसर होते आणि पुढचं अक्षर ठसठशीत उमटतं. पेन्सिल तीच असते, फक्त मागची जमीन गडद झालेली असते.

देवनागरीसाठी हे अंतर थोडं जास्तच ठेवावं. पांढऱ्यावर राखाडी मजकूर ही बरीच वर्षं टिकलेली फॅशन आहे, आणि रोमन अक्षरं ती कशीबशी सहन करतात. आपल्याकडे रेघेच्या वर अनुस्वार, वेलांट्या, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे बारीक दुवे. अक्षर लहान आणि राखाडी फिका असला की सगळ्यात आधी अनुस्वार गळतो, आणि ‘त्यांनी’चं ‘त्यानी’ होतं.

मग झाक

पूर्ण तटस्थ राखाडी व्यवहारात क्वचित भेटतो. बहुतेक राखाडींत निळी, हिरवी, जांभळी किंवा तपकिरी झाक असते, आणि ती एकट्याने कळत नाही. नवरात्रातल्या नऊ रंगांच्या यादीत बऱ्याच वर्षी राखाडीचाही दिवस येतो. त्या दिवशी लोकलच्या महिला डब्यात पाहावं: घरून निघताना प्रत्येकीची साडी नुसती ग्रे असते, डब्यात शेजारी उभ्या राहिल्या की एक निळसर, एक शेवाळी, एक चक्क वांगी दिसू लागते.

शेजारच्या रंगाने राखाडी कसा बदलतो याचा पद्धतशीर अभ्यास फ्रेंच रसायनतज्ज्ञ मिशेल यूजेन शेव्हरल यांनी केला. पॅरिसच्या गोबलँ गालिचा-कारखान्यात ते रंगकामाचे प्रमुख होते. काळ्या धाग्याला काही ठिकाणी दम नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासणीत रंग निर्दोष निघाला; दोष होता तो काळ्याच्या शेजारी विणलेल्या रंगांचा. यातून मांडलेला समकालिक विरोधाचा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या पूरक रंगाची छाया टाकतो. राखाडीला स्वतःचा जोर नसल्यामुळे ती त्याच्यावर सगळ्यात जास्त पडते: तांबड्याशेजारी तो हिरवट वाटतो, पिवळ्याशेजारी जांभळट, नारिंगीशेजारी निळसर.

म्हणून जोड दोन रीतींनी लावता येते. झाकेच्या विरुद्ध रंग घेतला, उदाहरणार्थ निळसर राखाडीवर विटकरी किंवा आंबा रंग, की दोन्ही खुलतात. झाकेच्याच कुळातला घेतला, जसं निळसर राखाडीबरोबर फिकट आकाशी, की संगत शांत राहते. फसगत होते ती एका उबदार आणि एका थंड राखाडीची गाठ घातली की. त्यातला एक हटकून मळलेला दिसतो.

जलरंगवाल्यांना ही झाक आधीपासून ठाऊक आहे. इंग्रज चित्रकार विल्यम पेन यांच्या नावाने ओळखला जाणारा पेन्स ग्रे मुळात निळा, पिवळी माती आणि किरमिजी यांचं मिश्रण होता. नळीतून घट्ट लावला तर जवळजवळ काळा. पाणी वाढवलं की त्यातला निळा वर येतो.

दिव्याचाही परिणाम होतो. ६,५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली राखाडी भिंत निळी वाटते, २,७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली तीच तपकिरीकडे झुकते. शेड कार्डावरच्या टिकलीएवढ्या नमुन्यावरून भिंत ठरवू नये. एक-दोन हात चौरस पट्टा रंगवून तो सकाळी आणि दिवे लागल्यावर पाहावा.

ठरलेल्या जोड्या आणि त्यांतल्या अडचणी

पिवळा ही सर्वांत भरवशाची जोड. पँटोन या रंगसंस्थेने २०२१ साठी एक राखाडी आणि एक पिवळा असे दोन रंग एकत्र निवडले होते, पण त्यातला राखाडी मध्यम होता, गडद नव्हे. मुंबईकरांना ही जोड त्याच्या शंभरएक वर्षं आधीपासून रोज दिसते. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याचा राखाडी बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड एकत्र वापरले आहेत. तिथला पिवळा भडक नाही, मातकट आहे. म्हणूनच तो एवढ्या मोठ्या क्षेत्रावर खपतो. लिंबासारखा तीव्र पिवळा मात्र चिमटीनेच घ्यावा: एखादी उशी, एखादं बटण, रस्त्यावरचा पट्टा.

शुद्ध पांढऱ्यापेक्षा मोतिया किंवा सायीचा रंग राखाडीला जास्त मानवतो, कारण पांढऱ्यासमोर गडद राखाडी दवाखान्यासारखा कोरडा दिसू लागतो. पितळ आणि तांबंही चांगलं जमतं. काळ्या दगडाच्या गाभाऱ्यात समई का शोभते त्याचं अर्धं उत्तर हेच आहे. अबोली आणि फिका गुलाबी त्याचा रुक्षपणा घालवतात. शेंदरी चालतो, कारण त्यात पिवळ्याचा अंश असतो. बेसाल्टच्या देवळातला शेंदूर लावलेला मारुती दुरून दिसतो तो यामुळेच.

मरून, नेव्ही, बाटली-हिरवा या गडद रंगांशी मात्र जपून. साडीच्या दुकानात चारकोलवर मरून काठाला कॉन्ट्रास्ट म्हणतात, पण आकड्यांत तो कॉन्ट्रास्ट नाहीच. तरीही अशी साडी छान दिसते, कारण काठाला लागून जरीची रेघ असते आणि ती दोन गडद रंगांना एकमेकांपासून तोडते. जर काढून टाकली तर दहा पावलांवरून काठ कुठे सुरू झाला ते सांगता येणार नाही. हीच युक्ती कागदावरही चालते: दोन गडद पट्ट्यांमध्ये एक बारीक उजळ रेघ.

पडदा आणि छापखाना

२०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ या दोन्हींत संपूर्ण फोनसाठी गडद रूप आलं आणि राखाडी पार्श्वभूमी घरोघरी पोचली. गूगलच्या मटेरियल डिझाइन या रचनापद्धतीत तेव्हा तिचा पाया तिन्ही घटक १८ असा होता, शून्य नव्हे. त्यामुळे वरचे थर थोडे उजळ करून उंची दाखवता येत असे. त्यावरचे रंगही फिकट, कमी तीव्रतेचे घ्यायचे असतात, कारण उजेडातल्या पानावर शोभणारा गर्द तांबडा इथे थरथरल्यासारखा वाटतो. छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरने ही वाट आधीच धरली होती. फोटोशॉपने २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीत गडद राखाडी रूप मुळातच लावून दिलं. तटस्थ राखाडी चौकट छायाचित्राच्या रंगांवर स्वतःची छाया टाकत नाही.

छपाईत गडद राखाडी दोन प्रकारे मिळतो: नुसत्या काळ्या शाईचे ठिपके, किंवा निळी, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून. पहिला झाकेशिवाय राहतो पण थोडा पोकळ वाटतो. दुसरा भरीव, पण शाईचं प्रमाण जरा हललं की सगळा ढीग तांबूस नाहीतर हिरवट. बारीक मजकुराला दोन्ही गैरसोयीचे. ठिपक्यांनी अक्षराच्या कडा खडबडीत होतात, आणि मिसळलेल्या शायांचं रजिस्टर चुकलं, म्हणजे त्या एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत, तर अक्षराला रंगीत सावली येते. म्हणून मथळा राखाडी आणि मजकूर काळा, असा बहुतेक छापखान्यांचा सल्ला असतो.

घरातला कडप्पा

आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागाच्या नावाने ओळखली जाणारी ही फरशी मराठी घरांत ओट्यासाठी पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. ओट्यामागच्या टाइलचा रंग ठरवताना एक गोष्ट हमखास विसरते: कडप्पा कोरडा असताना मध्यम राखाडी असतो, ओला झाला किंवा तेलाचा हात फिरला की काळाभोर. दुकानात नमुना नेताना तुकडा अर्धा ओला करून न्यावा. कोरड्या भागाशी जुळणारी फिकी राखाडी टाइल ओल्या भागाशेजारी धुरकट दिसते. मोतिया किंवा हळदी दोन्हीशी जमते. हळदीचा डागही त्यावर कमी दिसतो.