सत्तरीनंतरची गाठ

आत्या तेव्हा ७६ वर्षांची होती. निफाडजवळच्या गावात राहते. द्राक्षबाग आता मुलं बघतात, पण गोडी छाटणीच्या दिवसांत ती अजून सकाळीच बागेत जाऊन उभी राहते, कोण किती डोळे ठेवतंय ते बघत. त्या वर्षी आंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. बागेचा हंगाम तोंडावर होता, म्हणून चार महिने ती कुणाजवळ बोलली नाही. माल गेला, पैसे आले, मग सुनेला सांगितलं.

नाशिकला गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सर निघाला. त्या रात्री घरात जे बोलणं झालं, तसं जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत झालं असेल. थोरला आतेभाऊ म्हणाला, "या वयात कापाकापी कशाला? आहेत तेवढे दिवस सुखानं जाऊ द्या." धाकटा म्हणाला, "सगळं काढून टाका. केमो द्या, लाईट द्या, पैशाकडे बघू नका." (लाईट म्हणजे किरणोपचार.) एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं: आईला सांगायचं नाही.

दोघांच्याही बोलण्यातली माया मला कळत होती. तरी दोघंही बघत होते ते आधार कार्डावरच्या जन्मसालाकडे. गाठ कोणत्या जातीची आहे, आत्याचं शरीर किती खंबीर आहे आणि तिला स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आधी दिवसांचा हिशोब मांडू. सरासरी आयुष्य सत्तरच्या आसपास, म्हणजे हिचं झालंच की, असं आपण धरून चालतो. पण ती सरासरी काढताना पाळण्यात गेलेली बाळंही धरलेली असतात आणि अपघातात गेलेली तरुण पोरंही. सत्तरी ओलांडून उभी असलेली बाई हे सगळे धोके मागे टाकून आलेली असते. आपल्या देशात सत्तरीच्या बाईपुढे सरासरीनं दहाहून अधिक वर्षं असतात. हिंडतीफिरती, बीपी-साखर ताब्यात असलेली बाई त्याहून पुढे जाते. आणि नुसती तशीच ठेवलेली गाठ एवढी वर्षं शांत बसत नाही. ती वाढते, कातडीला धरते, कधी फुटते. जखम चिघळते, रक्त येतं, वास येतो. त्या वासापायी बाई चारचौघांत बसणं सोडते. "सुखानं जाऊ द्या" म्हणणाऱ्यांनी हे बहुधा पाहिलेलं नसतं.

आता गाठीची जात. तुकडा तपासायला जातो तेव्हा तो नुसता कॅन्सर आहे की नाही एवढंच बघत नाहीत. त्याच्या पेशींवर इस्ट्रोजेन हे हॉर्मोन धरणारी ग्राहकं आहेत का, आणि हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, हेही पाहतात. या रिपोर्टशिवाय उपचार ठरवू नये, इतका तो महत्त्वाचा आहे. सुई लावली की गाठ भडकते या भीतीनं पुष्कळ जण तुकडा काढू देत नाहीत. ती भीती मनातून काढा. पूर्वी बायका गाठ हाताबाहेर गेल्यावरच दवाखान्यात यायच्या, तोवर रोग आतून पसरलेला असायचा आणि बोल मात्र सुईला आणि चाकूला लागायचा.

वय वाढतं तसं हॉर्मोनवर पोसणाऱ्या गाठींचं प्रमाण वाढत जातं. पाळी जाऊन पंचवीस वर्षं झालेल्या बाईच्या अंगात इस्ट्रोजेन कुठून येणार, असं मला एका वाचकानं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. अंडाशय थांबलेलं असतं, पण शरीरातल्या चरबीत आणि स्नायूंत अरोमाटेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या हॉर्मोनांचं ते थोडंथोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या हेच काम बंद पाडतात. टॅमॉक्सिफेन ही जुनी गोळी वेगळ्या वाटेनं जाते: ती पेशीवरच्या ग्राहकांची जागा अडवून बसते, त्यामुळे इस्ट्रोजेनला तिथे शिरता येत नाही. गंमत म्हणजे, १९६०च्या दशकात हे औषध गर्भनिरोधकाच्या शोधातून निघालं. त्या कामी ते उपयोगी पडलं नाही. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला स्तनाच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली आणि तेव्हापासून त्यानं असंख्य बायकांचं आयुष्य वाढवलं आहे.

मग नुसत्या गोळीवरच भागवलं तर? ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात सत्तरीपुढच्या बायकांना ऑपरेशन न करता टॅमॉक्सिफेन देऊन पाहिलं गेलं. गाठी खरोखर आक्रसल्या. पण साधारण दोन-तीन वर्षांत पुष्कळ गाठी गोळीला सरावतात आणि पुन्हा वाढू लागतात. एकूण आयुष्यात फार फरक दिसला नाही, तरी स्तनातला रोग आटोक्यात ठेवण्यात ऑपरेशन उघडच सरस ठरलं. म्हणून ज्या बाईचं हृदय किंवा फुप्फुस फारच अशक्त आहे, जिच्यापुढे दोन-तीन वर्षंच दिसतात, तिला गोळी हा चांगला आणि माणुसकीचा उपाय आहे. बागेत उभी राहणाऱ्या बाईला तेवढ्यावर सोडणं म्हणजे तिच्या ऐंशीव्या वर्षी मोठी गाठ घेऊन पुन्हा दवाखान्यात येण्याची तयारी करणं. तेव्हा तिची ताकद आजच्याइतकी नसेल.

स्तनाचं ऑपरेशन म्हटलं की लोक हृदयाच्या नाही तर पोटाच्या ऑपरेशनसारखं काहीतरी डोळ्यांपुढे आणतात. इथे पोट उघडायचं नसतं, छातीचा पिंजराही उघडायचा नसतो. काम वरवरच्या ऊतींत चालतं, म्हणून वयस्क बायकाही ते चांगलं सोसतात. पूर्ण भूल झेपणार नसेल तर तेवढाच भाग बधिर करूनही करता येतं. भुलेपेक्षा मला भ्रमाची काळजी जास्त वाटते. ऑपरेशननंतर एखाद-दोन दिवस वयस्क माणूस गोंधळतं, रात्री उठून "गाय सोडली का" विचारतं. शुद्धीवर येताच चष्मा आणि कानाचं यंत्र परत द्यावं, उशाशी ओळखीचं माणूस बसवावं. एवढ्यानंही भ्रम पुष्कळ टळतो.

किती कापायचं, हा वाद शंभर वर्षांचा आहे. विल्यम हॉलस्टेड यांनी १८९०च्या दशकात अमेरिकेत जी पद्धत रूढ केली तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी (म्हणजे तिथे मुळातच असणाऱ्या लसिका ग्रंथी) जायच्या. हात जन्माचा अधू व्हायचा. जितकं जास्त कापू तितकं आयुष्य वाढेल, हा विश्वास १९७०च्या दशकापर्यंत टिकला. मग मिलानला उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी बायकांचे गट पाडून मोजलं: नुसती गाठ काढून वर लाईट दिली काय किंवा सगळा स्तन काढला काय, आयुष्य सारखंच. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे दोन्हींचे निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. पण मिलानच्या त्या अभ्यासात सत्तरीपुढच्या बायकांना घेतलंच नव्हतं. वयस्क बायकांसाठी वेगळा पुरावा गोळा करायला आणखी वेळ गेला, आणि तोवर त्यांच्यावर एक तर तरुणींचे उपचार लादले गेले, नाही तर काहीच केलं गेलं नाही.

आता तो पुरावा आहे. अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या ६३६ बायका घेतल्या. सगळ्यांच्या गाठी दोन सेंटीमीटरच्या आतल्या, हॉर्मोनवर पोसणाऱ्या. सगळ्यांची गाठ काढली, सगळ्यांना टॅमॉक्सिफेन दिलं. निम्म्यांना लाईट दिली, निम्म्यांना नाही. दहा वर्षांनी लाईट घेतलेल्यांपैकी ९८ टक्के बायकांच्या स्तनात आणि काखेत रोग परतला नव्हता, न घेतलेल्यांत ९० टक्के. आयुष्याची लांबी दोन्हीकडे सारखी. याच बायकांविषयी आणखी एक आकडा आहे, तो मी आतेभावांना दोनदा वाचून दाखवला: पुढच्या काळात त्यांतल्या ३३४ जणी वारल्या, त्यांतल्या स्तनाच्या कॅन्सरनं फक्त २१. बाकीच्या इतर कारणांनी. ब्रिटनमधल्या अशाच दुसऱ्या अभ्यासात ६५ वर्षांपुढच्या १,३२६ बायका होत्या. २०२३ मध्ये त्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष आले: लाईट न घेतलेल्यांत त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण ९.५ टक्के, घेतलेल्यांत ०.९. आयुष्यात फरक नाही.

म्हणजे लाईट निरुपयोगी आहे का? नाही. दहाजणींपैकी एकीला पुन्हा गाठ येणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि काही बायकांना ती टांगती तलवार नकोच असते. शिवाय हा हिशोब गोळी नेमानं घेणाऱ्या बाईचा आहे. गोळी सोसत नसेल, गाठ मोठी असेल किंवा हॉर्मोनची ग्राहकं कमी असतील, तर लाईट सोडू नये. पूर्वी पाच-सहा आठवडे रोज जावं लागायचं. सुरगाणा-पेठकडच्या बाईनं रोज नाशिकला यायचं तर एक माणूस सोबत, त्याची मजुरी बुडणार, राहायची सोय नाही. लाईटच्या या खेपा नकोत एवढ्याच कारणानं कितीतरी बायकांनी सगळा स्तन काढून घेतला आहे. आता तीन आठवड्यांत १५ वेळा लाईट देणं ही सर्रास पद्धत आहे, आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासानं दाखवून दिलं की एका आठवड्यात पाच वेळा दिली तरी रोग तितकाच आटोक्यात राहतो. आपल्याला पाच दिवसांची चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

काखेचंही असंच. सगळ्या गाठी काढल्या की काही बायकांचा हात सुजतो. सूज आली की जाता जात नाही, बांगड्या चढत नाहीत, कळशी उचलवत नाही. म्हणून आता निळा रंग टोचून काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठी हुडकतात आणि तेवढ्याच तपासतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग-शल्यचिकित्सकांच्या संघटनेनं पुढचं पाऊल टाकलं: सत्तरीपुढची बाई, सुरुवातीच्या टप्प्यातली हॉर्मोनवाली गाठ आणि हाताला काखेत काही लागत नाही, अशा वेळी ही तपासणीदेखील सरसकट करू नये.

केमोबद्दल थोडक्यात सांगतो. हॉर्मोनवाल्या लहान गाठीत या वयात तिचा फायदा फार थोडा, त्रास मात्र पुरा. हर-टू वाढलेलं असेल किंवा इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू ही तिन्ही ग्राहकं नसलेली गाठ असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे तब्येत पाहून केमोचा विचार करावाच लागतो. हर-टूवरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाआधी आणि दरम्यान हृदयाची टू-डी इको करतात.

तब्येत पाहून म्हणजे काय पाहायचं? खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. बारा सेकंदांहून फार जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे, जरा खोलात तपासायला हवं. वर्षात वजन किती उतरलं, एकटीनं आंघोळ-जेवण करता येतं का, नावं विसरते का, किती गोळ्या चालू आहेत, हेही पाहायचं. घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं एका पिशवीत घालून न्यावीत. वयस्क कॅन्सर रुग्णांची अशी तपासणी मुंबईच्या टाटा रुग्णालयात पद्धतशीर केली जाते. आत्याच्या डॉक्टरांनी तिला सरळ विचारलं, "आजी, वणीच्या गडावर शेवटचं कधी गेला होता?" ती म्हणाली, "चैत्रात. ट्रॉलीनं नाही, पायऱ्यांनी." गडाला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हसले.

तिला सांगितलं कुणी, ते राहिलंच. मी. आतेभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आत्या मात्र म्हणाली, "मला तुकडा काढला त्याच दिवशी कळलं होतं. तुमचेच चेहरे बघवत नव्हते." आपल्याकडे वयस्क माणसापासून रोग लपवणं ही माया समजली जाते, पण जिच्या अंगावर कापायचं तिला न विचारता आपण तिच्या अंगाचा निर्णय घेतो. डॉक्टरांनी तिला विचारलं, सगळा स्तन काढायचा की नुसती गाठ. मुलांनी गृहीतच धरलं होतं की या वयात तिला त्याचं काय. ती म्हणाली, "ठेवता येत असंल तर ठेवा. माझं आहे ते."

गाठ १.८ सेंटीमीटरची निघाली, हॉर्मोनवाली, हर-टू नसलेली, काख मोकळी. गाठ काढली, तिसऱ्या दिवशी ती घरी आली. लाईटचे आकडे मी तिला मराठीत मांडून सांगितले: दहा बायकांत एक. तिनं विचारलं, "आणि आली परत, तर पुन्हा काढता येते का?" येते म्हटल्यावर लाईट नको म्हणाली. दुसरी एखादी बाई हो म्हणाली असती, तेही तितकंच बरोबर ठरलं असतं.

खर्चाचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो, म्हणून सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती होण्याआधीच त्याला गाठावं.

आणि गाठ लवकर सापडण्याविषयी. वयाबरोबर स्तनातली ग्रंथी कमी होऊन चरबी वाढते, त्यामुळे मॅमोग्राफीत गाठ जास्त स्पष्ट दिसते आणि हातालाही लवकर लागते. टाटा रुग्णालयानं मुंबईतल्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासत होत्या. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. त्याला यंत्र लागलं नाही.

आत्या आता रोज सकाळी देवपूजा झाली की लेट्रोझोल घेते. पाच वर्षं घ्यायची आहे. या गोळीनं हाडं विरळ होतात, सांधे धरतात, म्हणून हाडांची डेक्सा तपासणी केली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे. टॅमॉक्सिफेनवर असती तर पायाला सूज किंवा अंगावर रक्त जाणं याकडे लक्ष ठेवावं लागलं असतं. गेल्या वेळी डॉक्टरांनी पुढची तारीख ऑक्टोबरातली दिली. तिनं ती बदलून मागितली. छाटणी आहे म्हणाली.