पार्श्वभूमी: गावचं बंद घर आणि फर्मवेअरचं अपडेट

गणपती आटोपले की कोकणातली कितीतरी घरं शिमग्यापर्यंत कुलूपबंद असतात. मुंबईला परतलेला चाकरमानी ओटीवरचा कॅमेरा आणि विहिरीवरच्या पंपाचा वायफाय स्विच आता मोबाइलवरून सांभाळतो. अशात ॲपवर नवं फर्मवेअर आल्याची सूचना दिसली, तर ते लगेच टाकावं की थांबावं? याचं उत्तर अपडेट कसं घडत आलं त्यात आहे.

‘फर्मवेअर’ हा शब्द ॲशर ऑपलर यांनी १९६७ मध्ये ‘डेटामेशन’ मासिकात वापरला, तो प्रोसेसरच्या मायक्रोकोडसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूक्ष्म सूचनांसाठी. पुढे उपकरणाच्या चिपमध्ये कायम राहणाऱ्या प्रोग्रॅमलाच ते नाव पडलं. तो बदलायचा तर चिप बदला, अशीच सुरुवातीची गत. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईपीरॉम, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणारी चिप, आणली. चिप सॉकेटमधून काढायची, तिच्यावरच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून काही मिनिटं अतिनील प्रकाश पाडून जुनं पुसायचं, मग नवं भरायचं. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी मांडली आणि चिप जागेवरच ठेवून विजेने पुसणं-लिहिणं सोपं झालं. घरबसल्या होणारं अपडेट तिथूनच आलं.

धोकाही तिथलाच. फ्लॅशमध्ये आधी अख्खा सेक्टर, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, पुसावा लागतो, छोट्या चिपांत बहुधा ४ केबीचा, आणि मगच त्यावर लिहिता येतं. चालू प्रोग्रॅमवरच लिहिणं सुरू असताना लाइट गेली, तर जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट. मृगाच्या पावसात दर तासाला लाइट ये-जा करते, तेव्हा हे सहज घडतं.

यावर उपाय निघाला तो दोन कप्प्यांचा. २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी३२ या वायफाय चिपसाठीची नेहमीची मांडणी अशी: नवा प्रोग्रॅम रिकाम्या कप्प्यात उतरतो, तपासला जातो आणि मगच ‘यातून सुरू हो’ ही खूण बदलते. मधेच लाइट गेली तरी जुना कप्पा शाबूत. १ एमबी फ्लॅशच्या स्वस्त स्विचांत मात्र दोन पूर्ण प्रोग्रॅम मावतीलच असं नाही. त्यांना जास्त जपायला हवं.

दुसरा प्रश्न, लिहायचा अधिकार कोणाला? २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले साठेक यूजरनेम-पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. फर्मवेअरमधूनही कोणी परकं घुसू नये म्हणून नीट बनवलेलं उपकरण त्यावरची डिजिटल सही, म्हणजे फाइल कंपनीचीच असल्याची खूण, तपासतं. पण खरी सही असलेली फाइलही चुकीच्या मॉडेलला गेली तर घात होतो. ऑगस्ट २०१७ मध्ये लॉकस्टेट कंपनीने एका मॉडेलचं फर्मवेअर दुसऱ्याला पाठवलं आणि शेकडो स्मार्ट कुलुपं निकामी झाली. म्हणून उपकरणामागच्या स्टिकरवरचा मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन फाइलशी जुळवणं टाळू नये.

अपडेट लांबवत राहणंही बरं नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली; समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे उपकरण अशा सर्टिफिकेटवरून ओळखतं. ज्या जुन्या उपकरणांत नवं मूळ सर्टिफिकेट पोचलं नव्हतं, त्यांतली अनेक सर्व्हरशी बोलेनाशी झाली. अपडेट आणायलाही सर्व्हरच लागतो, त्यामुळे वर्षानुवर्षं बंद ठेवलेलं उपकरण अशा वेळी दोन्हीकडून अडकतं.

तेव्हा अपडेट मुंबईहून नको, गणपतीत किंवा मे महिन्यात घरी असताना करा. राउटर आणि उपकरण दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. उपकरण राउटरजवळ आणा. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे सिग्नल क्षीण होतो आणि डाउनलोड तुटतं. पंप आधी बंद करा, कारण रीस्टार्टनंतर काही स्विच आपोआप चालू होतात. आधी एकच उपकरण अपडेट करा आणि ते दिवसभर नीट चाललं तर बाकीची घ्या. दिवा लुकलुकत असेपर्यंत प्लग उपसू नका.

तरीही एखादा ईएसपी चिपचा स्विच अडकलाच, तर आतल्या बोर्डावर ३.३ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स (डेटा पाठवणारा), आरएक्स (डेटा घेणारा) हे बिंदू बहुधा सापडतात. चिपची जीपीआयओ-० ही पिन (काही नव्या ईएसपी चिपांत ती वेगळी असते) ग्राउंडला जोडून सुरू केल्यास, कॉम्प्युटरला जोडलेल्या सीरियल ॲडाप्टरने फर्मवेअर पुन्हा भरता येतं. त्या वेळी घरच्या २३० व्होल्टची वायर पूर्ण सुटलेलीच हवी. या बोर्डांवर ग्राउंडच्या बिंदूलाही करंट असू शकतो.