‘वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के’ : हे आकडे कुठून आले?

‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, स्वतः केलेलं ९०’ हा तक्ता शिक्षकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो. म्हणून प्रोजेक्टर लावला की शिकणं वाढतं, असंही धरलं जातं. ज्या त्रिकोणी आकृतीला हे आकडे चिकटवले जातात, ती अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांची, १९४६ची. तिच्यात टक्के नव्हतेच. शिवाय काय वाचलं, किती दिवसांनी विचारलं, हे न सांगता टक्केवारी काढणार कशी?

शिकणं खरंच कशाने वाढतं, याचा पडताळा वर्गातच घ्या. मोबाइलवर एक अवघड प्रश्न टाका, प्रत्येकाला एकट्याने उत्तर नोंदवू द्या. बरोबर काय ते न सांगता शेजाऱ्याशी चर्चा करू द्या, मग पुन्हा उत्तर घ्या. बहुतेकदा बरोबर उत्तरं वाढतात, कारण दुसऱ्याला पटवताना आपल्याच विचारातली फट दिसते. नुसती स्लाइड वाचून दाखवल्याने हे होत नाही. पुढच्या आठवड्यात तसाच प्रश्न विचारा. किती टिकलं, तेही कळेल.