भेगेत गेलेली पुडी

मे महिन्यात इंदूरजवळ सांवेरकडे मावसभावाच्या शेतावर गेलो की मला भेगांत हात घालून पाहायची खोड आहे. गहू निघालेला, रान रिकामं, आणि काळी माती अशी तडकलेली की मनगट सहज आत जातं. यंदा कोपरापर्यंत हात घातला तर बोटांना शाम्पूची पुडी लागली. बाहेर काढली; छपाईचा रंग शाबूत. "शेणखतातून आली असेल," भाऊ म्हणाला आणि चहाचं विचारायला वळला.

एवढ्या खोल ती गेली कशी, याचं उत्तर माळव्याच्या मातीतच आहे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगा पडल्या की वरचं जे असेल ते आत घसरतं. पाऊस आला की भेग मिटते, आणि फुगलेली खालची माती हळूहळू वर ढकलली जाते. काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते म्हणतात ते यामुळे. शतकानुशतकं पालापाचोळा, शेण याच वाटेनं खाली गेलं आणि कुजलं. पुडी मात्र कुजत नाही.

पुड्या-पिशव्यांत असतं ते पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी. जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइम्सना) पकडायला तिच्यावर जागाच सापडत नाही. ती तुटते ती मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि तेव्हाही नाहीशी होत नाही, ठिसूळ होऊन तुकडे पडतात. मातीखाली तर ऊनच नाही! म्हणजे वर असताना तुकडे व्हायचे आणि खाली गेल्यावर जपून राहायचे. मधे रोटाव्हेटर फिरला की एका पिशवीच्या शंभर चिंध्या.

या चिंध्या मातीत विष ओततात असं चित्र रंगवलं जातं. काही प्लास्टिकमधून त्यांना लवचिक करणारी रसायनं झिरपतात हे खरं, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती पाण्याची गोष्ट. चिकणमातीत प्लास्टिक फिल्मचे तुकडे मिसळून केलेल्या प्रयोगांत बाष्पीभवन वाढलेलं दिसलं, कारण तुकड्यांच्या कडेकडेनं पाण्याला वर यायला वाट मिळते. तुकडा मोठा असेल तर तोच पाऊस खाली मुरू देत नाही, मूळही त्याला वळसा घालून जातं. हरभऱ्यासारखं पीक जमिनीत साठलेल्या ओलीवरच निघतं, तिथे हे परवडणारं नाही.

गांडुळांवर २०१६ साली नेदरलँड्समध्ये प्रयोग झाला. पालापाचोळ्यात चौथ्या हिश्श्याहून अधिक पॉलिथिनचा चुरा मिसळला तेव्हा गांडुळं नीट वाढली नाहीत, मेलीही जास्त. इतकं प्लास्टिक आपल्या शेतात नसतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण गांडूळ हा चुरा आपल्या बिळात ओढून नेतं. आमच्याकडे भेगा आहेतच, त्यात हा आणखी एक वाहतूकदार. २०२० साली चिनी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवलं की गव्हाचं उपमूळ फुटताना मुळाच्या सालीला जी बारीक फट पडते, तिच्यातून प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आत शिरतात आणि पाण्याबरोबर वर चढतात.

मल्चिंग पेपरचं, म्हणजे पिकाभोवती जमिनीवर अंथरतात त्या प्लास्टिकच्या फिल्मचं बोलायचं तर जितका पातळ तितका स्वस्त, आणि उचलताना तितकाच फाटणारा. चीननं २०१७ मध्ये त्याची किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉनवर नेली, ती हेच बघून.

गंमत अशी की कचऱ्याचं खत करण्याची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती आमच्याच गावची. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून इथल्या शेतीसंशोधन संस्थेत होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये पॉलिथिनचा शोध लागला १९३३ साली. दोनच वर्षांचं अंतर! वाडांच्या ढिगात काड्या, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती, राख. ढीग तीनदा पालटायचा, तीन महिन्यांत खत तयार. त्यातलं न कुजणारं वेचून काढायचा प्रश्नच नव्हता.

आजच्या शहरी कंपोस्टला सरकारी मानक आहे: ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. आणि मायक्रोप्लास्टिक म्हणतात ते ५ मिलिमीटरहून लहान. म्हणजे चाळणी पुडी अडवते, चुरा जाऊ देते. तो अडवायची जागा एकच, स्वयंपाकघरातला ओल्या कचऱ्याचा डबा. इंदूरच्या देवगुराडियाला २०२२ मध्ये कचऱ्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची होती, आणि गॅसबरोबर तिथून खतही निघतं. ओलं-सुकं वेगळं करायच्या आमच्या सवयीचं कौतुक स्वच्छ रस्त्यांसाठी होतं. माझ्या मते तिचा खरा लाभार्थी शेतकरी.

गावातल्या उकिरड्याला मात्र चाळणीही नाही. परवा भावानं ट्रॉलीभर शेणखत पसरण्याआधी ताडपत्रीवर ओतून वेचलं. घमेलं भरलं. पुड्या होत्या, सुतळीसारखी निळी नायलॉनची दोरी होती, पण सगळ्यात जास्त होते ते युरियाच्या गोण्यांचे पांढरे दोरे. ते कुणी टाकलेले नसतात. गोठ्याच्या आडोशाला बांधलेली गोणी उन्हानं आपोआप झडत राहते.