सहा महिन्यांनी तलफ येते कुठून?

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिक-पुणे रस्त्यावरच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना पकडला. सुमारे 300 कोटी रुपयांचा माल निघाला. नंतर बरेच दिवस नाशिक शहरात त्याचीच चर्चा होती: टोळीची, हप्त्यांची, राजकारणाची. ही पावडर ज्या घरांत शिरली त्या घरांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पोरगा व्यसनमुक्ती केंद्रात राहून येतो, अंगावर मांस चढतं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जायला लागतो. सहा महिने सगळं सुरळीत. मग एका संध्याकाळी द्वारका चौकात जुना मित्र भेटतो आणि पुन्हा सुरू होतं. "इतके दिवस राहिलास ना, मग आजच काय झालं तुला?" आई विचारते. पोराला सांगता येत नाही, आणि घरचे त्याचा अर्थ लावतात की याच्यात जिद्दच नाही.

या प्रश्नाचा मेंदूतला भाग उंदरांवरच्या प्रयोगांनी बराच उलगडला आहे.

पिंजऱ्यात एक कळ असते. उंदराने ती दाबली की बारीक नळीतून कोकेन थेट रक्तात जातं आणि त्याच क्षणी एक दिवा लागतो. काही दिवसांत दिवा आणि नशा यांची गाठ पक्की बसते. मग कोकेन बंद. काही काळाने उंदराला पुन्हा त्या पिंजऱ्यात सोडतात. कळ दाबली तर दिवा लागतो, पण कोकेन मिळत नाही. तरी तो ती किती वेळा दाबतो, यावरून त्याची ओढ मोजतात. अमेरिकेत याव्हिन शहम आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये वेगवेगळ्या उंदरांची ही चाचणी कोकेन सुटल्यावर दुसऱ्याच दिवसापासून ते साठाव्या दिवसापर्यंत घेतली. दिवस जातील तशी ओढ विरत जाईल, असं आपल्याला वाटतं. उलट ती वाढत गेली. दोन महिने कोकेनपासून लांब राहिलेला उंदीर पहिल्या आठवड्यातल्या उंदरापेक्षा जास्त वेळा कळ दाबत होता.

असं का होतं हे कळायला चेतापेशींच्या जोडांकडे, सिनॅप्सकडे, जावं लागतं. एक पेशी ग्लुटामेट नावाचं निरोप नेणारं रसायन सोडते आणि समोरच्या पेशीवरचे ग्राहक-रेणू ते टिपतात. रोजचा निरोप पोचवण्याचं काम मुख्यतः आम्पा नावाचे ग्राहक करतात. कोकेनमुळे मेंदूच्या न्यूक्लियस ॲक्युम्बेन्स या, ओढ आणि बक्षिसाशी निगडित, भागात नवे सिनॅप्स तयार होतात, पण त्यांच्यावर आम्पा ग्राहक जवळजवळ नसतात. नव्या कॉलनीत नळजोडणी झालेली असावी पण पाणी सोडलेलं नसावं, तसे हे मुके सिनॅप्स. असे सिनॅप्स कोवळ्या, शिकणाऱ्या मेंदूत भरपूर असतात आणि वय वाढेल तसे कमी होतात. प्रौढ मेंदूत कोकेन ते पुन्हा उगवून आणतं. म्हणजे नशेची आठवण कोरायला मेंदू बालपणातलं हत्यार काढतो.

खरी मेख पुढे आहे. कोकेन बंद झाल्यावरच्या आठवड्यांत यातल्या बऱ्याच सिनॅप्सवर आम्पा ग्राहक येऊन बसतात, तेही कॅल्शियम आत सोडणारे, नेहमीपेक्षा ताकदवान प्रकारचे. बाहेरून सगळं शांत असताना आत जोड बोलके होत असतात. हे ग्राहक औषधाने रोखले तेव्हा उंदरांची वाढलेली ओढ उतरली, असं 2008 मध्ये दाखवलं गेलं. 2013 मध्ये यान डाँग यांच्या गटाने भावनांशी निगडित अमिग्डालाकडून येणारे असे जोड प्रकाशाच्या साहाय्याने पुन्हा मुके केले. तिथेही ओढ कमी झाली. याच गटाच्या 2020 मधल्या कामाचं मला सर्वात अप्रूप वाटतं. दिवा दाखवून आठवण जागी केली की हे जोड काही तास परत मुके होतात आणि मग पुन्हा पक्के होतात. त्या मधल्या वेळात त्यांना पक्कं होऊ दिलं नाही, तर पुढे कोकेनचा शोध कमी होतो.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि हे प्रयोग कोकेनवरचे आहेत, एमडीवरचे नाहीत. मेफेड्रोनही मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे बक्षिसाची ओढ लावणारं रसायन, वाढवतं आणि त्यासाठीही उंदीर कळ दाबतात, एवढं साम्य आहे. माणसांतला एक पुरावा मात्र प्रत्येक घराला सांगावासा वाटतो. कोकेन सोडलेल्या लोकांना त्याची चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या, तो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सोडून एक महिना किंवा सहा महिने झालेल्यांच्या मेंदूचा प्रतिसाद नुकतंच सोडलेल्यांपेक्षा जोरदार होता. वर्ष झालेल्यांत तो उतरलेला होता. स्वतःची तलफ मात्र जास्त दिवस झालेली माणसं कमीच सांगत होती. "आई, मला आता काही वाटत नाही गं," असं म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याच्या जाणिवेपर्यंत ते पोचलेलंच नसतं.

म्हणून तीन-चार महिन्यांनी 'आता बरा झाला' म्हणून फॉलोअप आणि गटाच्या बैठका सोडून देणं मला धोक्याचं वाटतं. सगळ्यांचं लक्ष उडतं तेव्हाच आतली ओढ चढतीवर असू शकते.

सोबतीचा उपयोग किती, हे दाखवणारा एक प्रयोगही आहे. 2018 मध्ये शहम यांच्याच प्रयोगशाळेत, मार्को व्हेनिरो यांच्या पुढाकाराने, उंदरांपुढे दोन कळी ठेवल्या. एक दाबली तर मेथॲम्फेटामाइन हे नशेचं द्रव्य, दुसरी दाबली तर दार उघडून दुसऱ्या उंदराची सोबत. नशेची सवय लागलेल्या उंदरांनीही बहुतेक वेळा सोबत निवडली. अशा निवडीतून नशेपासून दूर राहिलेल्यांची ओढ पुढच्या आठवड्यांत वाढलीही नाही. पण दार उघडायला उशीर केला, किंवा सोबतीच्या कळीला शॉक जोडला, की सोबतीची निवड कमी होऊन उंदीर पुन्हा नशेच्या कळीकडे वळू लागले.